उजनीत मासे ‘घटले’ म्हणजे नेमके कशापासून?

उजनीच्या माशांवर सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एक वाक्य असतंच. ‘धरण, सांडपाणी आणि बाहेरून आलेल्या जाती यांमुळे स्थानिक माशांची विविधता घटली आहे.’ वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, आणि बहुधा ते बरोबर आहेही. पण मुलाखतीला बसलेला एखादा तिरकस परीक्षक तुम्हाला विचारणार, ‘घटली, ती कशापासून? आधी किती होती? ते कुणी मोजलं, कुठे मोजलं, कशाने मोजलं?’ इथे बरेच जण गडबडतात. म्हणून ही पोस्ट त्या ‘आधी’बद्दल आहे. पेटची तयारी करत असाल किंवा नुकताच गाइड मिळाला असेल, तर लिटरेचर रिव्ह्यू सुरू करण्याआधी एकदा वाचून घ्या.

आधी उजनी म्हणजे काय चीज आहे ते पाहू. भीमा उगम पावते भीमाशंकरच्या धो-धो पावसात, आणि शे-दीडशे किलोमीटरच्या आतच पर्जन्यछायेत शिरते. दौंड, इंदापूर, करमाळा, माढा या पट्ट्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पडला तर. थरसारखी वाळू इथे नाही. पण मे महिन्यात भिगवणहून करमाळ्याकडे जाऊन बघा, फुफाटा आणि बाभळी यांपलीकडे फारसं काही दिसत नाही. अशा कोरड्या मुलखात १९८०च्या सुमाराला भीमा अडवली गेली आणि एक समुद्र तयार झाला. त्याचं सरकारी नाव यशवंतसागर, लोक म्हणतात उजनी. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून थोडा अधिक साठा ‘मृत’, म्हणजे कालव्यांच्या दरवाजांच्या पातळीखालचा.

मृत साठा हा शब्द माशांच्या अभ्यासकाने जरा थांबून वाचावा. उन्हाळ्यात बातम्या येतात, ‘उजनी मायनसमध्ये’. २०२४च्या उन्हाळ्यात धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या, म्हणजे साधारण ५३ टीएमसीच्या हिशोबात असते. वजा ५० टक्के म्हणजे मृत साठ्यातलं जवळजवळ २७ टीएमसी पाणी गेलं. तरीही खाली ३६-३७ टीएमसी उरतंच. पुण्याला पाणी पुरवणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी सगळं मिळून २९ टीएमसीच्या आसपास होतं. म्हणजे ‘कोरडी पडलेली’ उजनी ही भरलेल्या खडकवासला साखळीपेक्षा मोठी असते! शेतकऱ्याच्या आणि सोलापूरकराच्या दृष्टीने धरण संपलेलं असतं, माशाच्या दृष्टीने नसतं. कोरड्या मुलखातल्या इतर तलावांत दर दुष्काळात मासे जवळजवळ शून्यावर येतात आणि पुन्हा नव्याने सुरुवात होते. उजनीत १९८०पासून पाणी पूर्ण संपलंच नाही, त्यामुळे इथे जे मासे टिकले ते सलग टिकले. तुमच्या ‘नंतर’च्या गोष्टीचा हा पाया.

आता ‘आधी’कडे वळू, आणि जरा लांब जाऊ. जवळजवळ दोनशे वर्षं मागे.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८१७च्या खडकीच्या लढाईत तो होता. पुढे १८२४ साली एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा आकडेवारी-अधिकारी नेमलं. दख्खनमध्ये हिंडायचं, गावं, पिकं, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी करायच्या, हे त्याचं काम. त्याने जोडीला पक्षी, प्राणी आणि मासेही गोळा केले. १८३१ साली तो परत गेला, आणि १८३०च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचं दख्खनच्या माशांवरचं लेखन आलं. भीमेच्या खोऱ्यातल्या माशांचं शास्त्रीय लेखन म्हणून आपण जे काही वाचतो, त्याचं मूळ टोक इथे सापडतं.

साइक्सने एक गोष्ट अशी केली की तिच्याबद्दल मला त्याचे आभार मानावेसे वाटतात. नव्या जातीला नाव देताना त्याने बऱ्याचदा लॅटिन विशेषण शोधत बसण्याऐवजी इथल्या कोळ्या-भोयांनी सांगितलेलं नाव उचललं आणि जोडून दिलं. म्हणून आज जगभरच्या संग्रहालयांतल्या लेबलांवर शिंगाळा, शिंगटी, घोगरा, कोळस ही नावं आहेत, फक्त इंग्रजी कानाने ऐकलेली. सिंघाला, सींगटी, गोग्रा, कोलस. खुद्री, मुसल्लाह, पोटेल, नुक्ता, बोग्गट, मुल्या, ताक्री, कुतुर्नी ही सगळी त्याचीच पिलावळ. ‘रोहटी’ तर जातीचं नव्हे, अख्ख्या प्रजातीचं नाव झालं. भिगवणच्या बाजारात उभं राहून शिंगाळ्याची ओरड ऐकली, की तुम्ही एकाच वेळी मराठी आणि शास्त्रीय नाव ऐकत असता.

पण इथेच पहिला खड्डा आहे. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. दीर्घ-ऱ्हस्व धड नाही. ‘ट’ आणि ‘त’ एकच. साइक्सने लिहिलेलं नाव कुठल्या मराठी नावाचं रूप आहे हे ठरवताना आपण अंदाजच करत असतो. त्यातून एकाच माशाला मावळात एक नाव, इंदापुरात दुसरं, पंढरपुरात तिसरं. आणि पिल्लाला वेगळं नाव, मोठ्याला वेगळं, ही तर भोई मंडळींची जुनी पद्धत. साइक्सच्याच काळात, १८३१ साली, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली. तो उघडून बघायला हरकत नाही. पण माशाच्या नावापुढे बरेचदा ‘एक प्रकारचा मासा’ एवढंच सापडतं. कोशकाराला खवले मोजायचे नव्हते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. जात नव्याने वर्णन केली की ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो जपून ठेवायचा, ही आजची शिस्त. पुढे शंका आली तर तो नमुना बाटलीतून काढून पुन्हा मोजता येतो. साइक्सच्या कितीतरी जातींचे असे मूळ नमुने आज कुठल्याच संग्रहात नाहीत. उरलं ते वर्णन, काही चित्रं आणि ठिकाणाचं नाव. याचा परिणाम काय होतो, ते एका माशावरून सांगतो.

साइक्सने शिरूरजवळ घोड नदीतून एक मोठा मासा वर्णन केला, बार्बस मुसल्लाह. घोड भीमेला मिळते, म्हणजे हा उजनीच्या खोऱ्यातलाच मासा. पुढे विसाव्या शतकात हे नाव भलत्याच माशाला चिकटलं. कावेरीत पाठीवर उंच कुबड असलेला एक प्रचंड महाशीर असतो; परदेशी गळवाल्यांमध्ये तो शंभर-सव्वाशे वर्षं प्रसिद्ध आहे. त्याला ‘टॉर मुसल्लाह’ म्हणायची पद्धत पडली. एकदा पद्धत पडली की पाठ्यपुस्तकं, चेकलिस्टा, सरकारी अहवाल सगळीकडे तेच. २०१३ साली काही अभ्यासकांनी साइक्सचं मूळ वर्णन पुन्हा नीट वाचलं आणि दाखवून दिलं, की साइक्सचा मुसल्लाह महाशीरच नाही. तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतला मासा आहे. मग कावेरीतल्या कुबडवाल्याला नावच उरलं नाही! नाव नाही म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत त्याला नीट जागा नाही, जागा नाही म्हणजे त्याच्या नावावर संरक्षणही नाही. २०१८ साली जनुकीय आणि शारीरिक पुराव्यांवरून तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं निश्चित झालं, आणि त्यानंतर तो अतिधोक्यातल्या जातींत गेला. तोपर्यंत कावेरीच्या बहुतेक भागातून तो दिसेनासा झालेला होता.

आता तुमच्या कामाकडे या. १९५० ते २०१० या काळातल्या भीमा-कृष्णा खोऱ्यातल्या एखाद्या यादीत तुम्हाला ‘टॉर मुसल्लाह’ असं दिसलं. लेखकाने नेमका कुठला मासा हातात धरला होता? तो कुबडवाला असणं शक्य नाही, तो कावेरीतला. खुद्री असेल? हिप्सेलोबार्बस असेल? पेपरसोबत फोटो नाही, जपलेला नमुना नाही, तर उत्तर नाही. ती नोंद तुम्ही ‘आधी होता’मध्येही टाकू शकत नाही आणि ‘आता नाही’मध्येही.

याच्या उलटही होतं, एकाच माशाचे चार होतात. साइक्सचा ‘प्लॅटिस्टोमा सिंघाला’ पुढे मिस्टस सिंघाला झाला, मग एओरिक्थिस सिंघाला, आता स्पेराटा सिंघाला. आपला चिलापी कधी टिलापिया मोसांबिका, कधी सारोथेरोडॉन मोसांबिकस, आणि आता ओरिओक्रोमिस मोसांबिकस. जुन्या-नव्या याद्या एकत्र करून एक्सेलमध्ये ‘डुप्लिकेट काढा’ केलं की मशीनला यातलं काही कळत नाही. जातींची संख्या फुगते, आणि मग पुढच्या सर्व्हेत ‘घट’ दिसते. घट नदीत झालेली नसते, नावांत झालेली असते. म्हणून कुठलीही तुलना करण्याआधी प्रत्येक नाव आजच्या स्वीकृत नावावर आणून ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे, त्यात दोन महिने जातात, आणि ते टाळलं तर पुढचं सगळं वाया.

साइक्सनंतर मधली शंभर वर्षं झरझर ओलांडू. फ्रान्सिस डेचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा मोठा ग्रंथ १८७०च्या दशकातला, तो साऱ्या देशाचा. पुण्याच्या माशांवर स्वतंत्र लेखन पुन्हा दिसतं ते १९४२ साली, ए. जी. एल. फ्रेझर यांचं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. १९४४मध्ये सुटर यांनी त्यात भर घातली. १९६३ साली टोणपी आणि लीला मुल्हेरकर यांनी पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या माशांची यादी दिली. २००३ साली वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेतल्या माशांवर लिहिलं. त्याच वर्षी संजय खरात आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या माशांमध्ये दीर्घकाळात झालेल्या बदलांवर ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहिला. उजनीपुरतं बोलायचं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाने २००२ साली उजनीच्या प्राणिजीवनावर एक स्वतंत्र पुस्तकच काढलं, त्यात माशांवर प्रकरण आहे. सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. पुण्यात राहून तिथे एकदाही न गेलेले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी मी पाहिलेत, तेवढं करू नका.

या याद्या ओळीने मांडल्या की एक गोष्ट डोळ्यात येते. उजनीच्या ‘आधी’साठी आपण हात घालतो त्या बहुतेक नोंदी पुणे शहर आणि त्याच्या वरच्या अंगाच्या आहेत. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी. म्हणजे डोंगराजवळच्या, दगडगोट्यांच्या, थंड आणि वाहत्या पाण्याच्या. उजनीचं पाणी पसरलं ते खालच्या अंगाला, जिथे भीमा रुंद, संथ, गाळाची आणि डोहांची होती. दोन्हीकडचे मासे मुळातच सारखे नव्हते. दगडाला चिकटून राहणारा बोटभर मुल्या लोणावळ्याच्या ओढ्यात भरपूर आणि भिगवणला नाही, यात धरणाचा काय हात? वरच्या नदीची १९४२ची यादी आणि खालच्या तलावाची २००२ची यादी शेजारी ठेवून वजाबाकी केली, तर ती काळाची वजाबाकी होत नाही, जागेची होते.

आणि १९४२ म्हणजे ‘धरणाआधी’ असंही समजू नका. खडकवासल्याचं धरण १८७०च्या दशकातलं. इंग्रज त्याच्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. टाटांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात लोणावळा, वळवण, शिरवता आणि मुळशी इथे धरणं बांधली. मुळशीचा सत्याग्रह आपण जमिनीसाठी लक्षात ठेवतो, आणि ते रास्तच आहे; सेनापती बापट आणि मावळ्यांचा तो लढा १९२१ ते १९२४चा. पण नदीच्या बाजूने पाहिलं तर तिथे आणखी काही घडलं. घाटमाथ्यावरचं, पूर्वेकडे भीमेत जाणारं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला कोकणात सोडलं जाऊ लागलं. म्हणजे उजनीची पहिली वीट रचण्याच्या कितीतरी आधी भीमेचा पूर कमी झालेला होता. जे मासे पावसाळ्यात पुराच्या पाण्यावर चढून वरच्या ओढ्यांत अंडी घालायला जातात, त्यांची वाट फ्रेझर पुण्यात मासे बघत होते तेव्हाच अर्धवट बंद झालेली होती.

मग उजनीने स्वतः नवीन काय केलं? वाहतं पाणी थांबवलं. वाक्य साधं आहे, पण माशांच्या जगात यापेक्षा मोठी उलथापालथ नाही. जगात कोरड्या प्रदेशात जिथे जिथे असे मोठे जलाशय झाले, तिथे गोष्ट साधारण एकाच वळणाने गेली. इजिप्तमधला नासेर जलाशय बघा. अस्वानच्या मोठ्या धरणामागे १९६४पासून पाणी साठायला लागलं, भोवती नुबियाचं खरंखुरं वाळवंट. पूर्ण क्षमता सुमारे १६२ घनकिलोमीटर. आपल्या हिशोबात पन्नासएक उजनी! तिथली मासेमारी वाढत वाढत १९८१ साली ३४ हजार टनांवर गेली आणि मग उतरली. नवा जलाशय भरतो तेव्हा बुडालेली झाडंझुडपं, गवत, शेतातलं खत कुजून पाण्यात अन्न सुटतं. शेवाळ वाढतं, प्लवक वाढतात, मासे फोफावतात. काही वर्षांनी ते भांडवल संपतं आणि उत्पादन खाली येतं. नासेरच्या उतरत्या आकड्यांत मात्र आणखी एक भानगड आहे. सरकारने माशाचा भाव बांधून दिल्यावर बराच माल नोंद न होता परस्पर विकला जाऊ लागला. म्हणजे नोंदवहीतला आकडा पडला तेवढेच मासे कमी झाले, असं म्हणता येत नाही. मासळी बाजाराच्या आकड्यांवर थिसिस उभारणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

नासेरमध्ये फायदा झाला तो मुख्यतः टिलापियांचा. नाईलमधले नदीच्या प्रवाहावर अवलंबून असलेले मासे मागे पडले, आणि उथळ किनाऱ्यावर घरटं करून अंडी घालणारे टिलापिया पुढे आले. तिथे ते घरचेच. उजनीत मात्र टिलापिया बाहेरून आलेला. मोसांबिकस हा आग्नेय आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ साली आणला गेला, स्वस्त प्रथिनं म्हणून. त्याला अंडी घालायला पूर लागत नाही, वाहतं पाणी लागत नाही. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते, वर्षातून अनेकदा विते. शेवाळ खातो, कुजलेला गाळ खातो, कमी ऑक्सिजन चालवून घेतो. थांबलेलं, हिरवं, कोमट पाणी म्हणजे त्याला सासुरवाडीच. आज भिगवण-इंदापूरच्या बाजारात पाट्यांच्या पाट्या भरून येतो तो चिलापी.

रोहू, कटला, मृगळ यांची गोष्ट वेगळी आहे. हेही मूळचे इथले नव्हेत, उत्तरेकडच्या नद्यांतले. पण यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, जलाशयात ते सहसा स्वतःहून विणत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, तेव्हापासून मत्स्यबीज हवं तेवढं तयार करता येऊ लागलं. देशभरच्या जलाशयांत बोटुकली सोडायची पद्धत त्यावर उभी आहे. त्यामुळे उजनीच्या जाळ्यात कटला किती येतो, हा आकडा तलावाच्या तब्येतीबद्दल कमी आणि दोन वर्षांपूर्वी किती बोटुकली सोडली याबद्दल जास्त सांगतो. चिलापीचा आकडा मात्र तलावाबद्दल बोलतो.

आणि तलावात काय येतं हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मुठा, मुळा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांचं पाणी, त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी, शेवटी भीमेतून उजनीत उतरतं. सोलापूर तेच पितं. नासेरमध्ये बुडालेल्या झाडांचं भांडवल संपलं. उजनीत आपण रोज नवं भांडवल ओततो. नायट्रोजन, फॉस्फरस, शेवाळ, जलपर्णी. म्हणून ‘प्रदूषणाने मासे कमी झाले’ हे वाक्य उजनीच्या बाबतीत सरळ लिहिता येत नाही. काही मासे कमी झाले असतील. चिलापीला तर ते खाद्यच आहे. त्या चिलापीवर आज कित्येक घरं चालतात. परंपरेने मासेमारी करणारे भोई आहेतच, पण ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या अशा धरणग्रस्तांपैकीही काहींनी जाळी हाती घेतली. तुम्ही तुमच्या पेपरात चिलापीला ‘घुसखोर’ म्हणाल. भिगवणच्या धक्क्यावर तोच शब्द मराठीत उच्चारून बघा, उत्तर मिळेल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि थिसिसमध्ये दोन्ही यायला हव्यात.

इथल्या याद्यांमधली आणखी एक अडचण जाळ्याची. बाजारात उभं राहून केलेली यादी खाण्याच्या माशांची होते. तीत वाम, मरळ, शिंगाळा येतात, बोटभर लांबीचे आणि दगडाखालचे येत नाहीत. मोठ्या आसाचं जाळं लावलं तर लहान मासे निसटतात. उलट वडापने अख्खा किनारा ओढून घेतला तर सगळं येतं, चिलापीची पिल्लंसुद्धा, आणि त्यावरून तिथे भांडणंही होतात. दोन अभ्यासांत जाळी वेगळी असतील तर जातींचा फरक जाळ्याचाही असू शकतो. पेपर वाचताना मी आता निष्कर्ष शेवटी वाचतो. आधी शोधतो, कुठलं जाळं, किती आसाचं, किती रात्री लावलं. हे लिहिलेलं नसेल तर ती यादी ‘होता’ सांगायला चालते, ‘नव्हता’ सांगायला चालत नाही. उजनीसारख्या प्रचंड पाण्यात एखादा मासा न सापडणं फार सोपं आहे.

याचा अर्थ ‘काहीच सिद्ध करता येत नाही, सोडून द्या’ असा घेऊ नका. काही गोष्टी पक्क्या आहेत. खुद्री महाशीर घ्या. साइक्सने त्याचं मूळ ठिकाण लिहून ठेवलंय, पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८ मैलांवर, मुळा-मुठेत. आज मांजरीच्या पुढे नदीचा जो काळा, फेसाळ पट्टा दिसतो तो त्याच अंगाचा. तिथे महाशीर मिळेल या आशेने आज कुणी जाळं टाकत नाही. महाशीरला स्वच्छ, वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं हे माहीत आहे, ठिकाण माहीत आहे, आजचं पाणी मोजता येतं. इथे ‘घटला’ म्हणायला कुणाची हरकत असणार नाही.

पण त्याच माशाचा पुढचा प्रवास गोष्ट पुन्हा गुंतवतो. १९७०च्या दशकापासून टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू झाली आणि तिथलं बीज देशभर, कावेरीतही, सोडलं गेलं. हेतू चांगलाच होता. कावेरीत तो असा फोफावला, की तिथल्या कुबडवाल्या महाशीरच्या ऱ्हासामागे अभ्यासकांनी या पाहुण्याकडेही बोट दाखवलं. पुण्याच्या नदीवरून ओळख मिळालेला मासा स्वतःच्या मूळ जागी नाही, आणि हजार किलोमीटरवर दुसऱ्याची जागा अडवून बसलाय. तुमच्या तक्त्यात ‘स्थानिक’ आणि ‘परका’ असे दोन रकाने असतील, तर प्रत्येक जातीपुढे ‘कुठल्या नदीत’ हेही लिहावं लागेल.

शेवटी एक काम सुचवतो, कारण ‘गॅप सापडत नाही’ अशी तक्रार बरेच जण करतात. उजनी मायनसमध्ये जाते तेव्हा पाणी मागे सरकतं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, जुने रस्ते, पायऱ्या, विहिरींचे कठडे दिसायला लागतात. आणि दौंडच्या बाजूला भीमा पुन्हा थोडे दिवस नदीसारखी वाहते, जुन्या पात्रातून, दोन्ही बाजूंना भेगाळलेला गाळ टाकून. त्या दीड-दोन महिन्यांत त्या पट्ट्यात कुठले मासे असतात, तलावातलेच चिलापी की वरून उतरलेले नदीचे मासे, आणि पाणी परत चढलं की ते जातात कुठे? एकाच आसाची जाळी, ठरलेल्या त्याच जागा, फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, लागोपाठ तीन वर्षं. प्रत्येक जातीचा एक तरी नमुना फॉर्मॅलिनमध्ये, पंखाचा तुकडा अल्कोहोलमध्ये, फोटो, आणि पकडणाऱ्याने सांगितलेलं नाव त्याच्याच उच्चारात, देवनागरीत. ‘ळ’ असेल तर ‘ळ’च लिहा.